गिअरबॉक्समध्ये बोल्ट पडलाय : चालवू, की पेटी उतरवू?

ठाण्याच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे, आधी तो थोडक्यात सांगतो. त्यांची २०११ ची बोलेरो. गिअर लिव्हर फारच लुळा झाला होता, म्हणून सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्यांनी स्वतःच बूश (लिव्हरच्या बुडाशी बसणारी नायलॉनची कडी) बदलायला घेतला. लिव्हर वर काढला, जुना बूश तुकड्यातुकड्यांत निघाला, नवा बसवला. झाकण परत लावताना एक बोल्ट हातातून निसटला आणि लिव्हरच्या भोकातून आत गेला. लांबणाऱ्या दांडीचं मॅग्नेट घालून तासभर शोधलं, मिळाला नाही. ओळखीचा मेकॅनिक म्हणाला, "काही होत नाही साहेब, तळाला जाऊन बसेल, चालवा बिनधास्त." दुसरा म्हणाला, "पूर्ण खोलावा लागेल, ओव्हरहॉलच करून टाका." पाऊस सुरू आहे, गाडी चार दिवस तशीच उभी आहे, आणि कोणाचं ऐकावं हे कळत नाही.

माझं म्हणाल तर दोघांचंही ऐकू नका. त्यातही पहिल्याचं तर मुळीच नको.

चार दिवसांत गाडी चालू केली नाहीत, हे तुम्ही सगळ्यात शहाणपणाचं केलंत. तशीच राहू द्या. न्यूट्रलमध्येही नको. गिअर पडलेलाच नाही तर आत काय फिरणार, असं पुष्कळांना वाटतं. पण क्लचवरून पाय काढलेला असला की इंजिनाबरोबर इनपुट शाफ्ट (इंजिनकडून पेटीत येणारा दांडा) फिरतो आणि त्याला कायमचा जोडलेला खालचा काउंटर शाफ्टही फिरतो. त्या शाफ्टवरचे गिअर वरच्या गिअरांमध्ये सतत गुंतलेलेच असतात. म्हणजे गाडी जागेवर उभी राहून नुसती धडधडत असते तेव्हाही पेटीतले जवळजवळ सगळे दाते एकमेकांत फिरत असतात. "जरा चालू करून आवाज येतो का बघू" म्हणणारे मला दरवर्षी भेटतात. तो आवाज ऐकायला मिळाला, तर ऐकण्यासारखं काही उरत नाही.

आता 'तळाला जाऊन बसेल' याबद्दल. हे वाक्य ऐकायला बरोबर वाटतं, कारण बोल्ट जड, तेल पातळ, जड वस्तू खाली जाणारच. पण गिअरबॉक्सचा तळ म्हणजे विहिरीचा तळ नव्हे. बोलेरोसारख्या साध्या मॅन्युअल पेटीत तेल उडवूनच सगळ्या भागांना वंगण मिळतं. काउंटर शाफ्टचे गिअर अर्धवट तेलात बुडालेले असतात आणि मडक्यात रवी फिरावी तसे तेल घुसळून वर फेकत असतात. त्या घुसळणीत बोल्ट एका जागी राहत नाही. ब्रेक मारला की पुढे सरकतो, चढ लागला की मागे, गतिरोधकावरून गाडी आदळली की उडतो. आणि त्याच्या डोक्यावर काही मिलिमीटरवर दाते फिरत असतात. ड्रेन प्लगला मॅग्नेट असतो, तो धरून ठेवेल, असंही कोणी सांगेल. त्या मॅग्नेटचं काम लोखंडाची भुकटी धरण्याचं आहे, अख्खा बोल्ट धरण्याची त्याची ताकद नसते.

दुसरी एक समजूत त्याहून धोकादायक आहे, कारण तिच्यात अर्धं सत्य आहे. ती अशी, की बोल्ट मऊ असतो आणि गिअरचे दाते कडक, म्हणून बोल्टच चिरडेल. दाते कडक असतात हे खरं. पाणी दिलेल्या दात्याचा वरचा थर कडकपणाच्या रॉकवेल सी या मापावर साधारण ५८ ते ६२ इतका कडक असतो, आणि डोक्यावर ८.८ लिहिलेला नेहमीचा बोल्ट त्याच्या निम्म्यालाही जेमतेम पोचतो. पण प्रश्न कोण चिरडतं हा नाहीच. दोन दात्यांमधली फट मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते. तिथे आठ मिलिमीटरचा बोल्ट घुसला तर चपटा होईपर्यंत तो दोन्ही शाफ्टना एकमेकांपासून दूर ढकलतो. शाफ्ट बेअरिंगवर टेकलेले, बेअरिंग पेटीच्या भिंतीत बसवलेलं. म्हणजे सगळा जोर शेवटी त्या भिंतीवर येतो. पेटीचं ओतकाम बहुतेक गाड्यांत ॲल्युमिनियमचं असतं. दाता तुटला नाही तरी भिंत तडकते. बोल्ट मऊ होता हे नंतर कळतं, रस्त्यावर तेलाचं थारोळं पडल्यावर.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. १९९१ च्या सुमाराला मी कुर्ल्याच्या एका गॅरेजमध्ये हाताखाली होतो, वय वीस असेल. एक डिझेल जीप आली होती, कल्याण-मुरबाड रोडवर सीटा भरून चालणारी. तिची पेटी खोलून जोडताना एक स्प्रिंग लॉक, म्हणजे शाफ्टवरचा भाग जागेवर धरणारी पोलादी कडी, माझ्या पकडीतून उडालं. आत गेलं की बाहेर, दिसलं नाही. जमिनीवर शोधलं, मिळालं नाही. डब्यातून दुसरं काढून लावलं आणि गप्प बसलो. उस्तादांना सांगायची हिंमत झाली नाही, कारण त्या आठवड्यात आधीच दोनदा ऐकून घेतलं होतं.

ती जीप टोकावड्याच्या पुढे चढावर अडकली. मागची चाकं एकदम जाम झाली, टायर घासत गाडी थांबली. आत बारा-तेरा माणसं होती. चढ होता आणि वेग नव्हता, म्हणून सगळे धक्क्यावरच सुटले. टेम्पोला बांधून, मागची चाकं वर उचलून तिला कुर्ल्यात आणली. पेटीच्या खालच्या अंगाला माझी मूठ जाईल एवढं भगदाड. उस्तादांनी आत हात घातला, चाचपून पाहिलं आणि ते लॉक बाहेर काढलं, पापडासारखं चपटं झालेलं. माझ्या हातावर ठेवलं. ओरडले नाहीत. विचारलं, "किती दिवस झाले?" मी म्हटलं, अकरा. म्हणाले, "अकरा दिवस झोप कशी लागली रे तुला?"

या गोष्टीतली एक तांत्रिक बाब नीट समजून घ्या. अशी पेटी चालत्या गाडीत जाम झाली तर क्लच दाबून उपयोग होत नाही. क्लच इंजिन आणि पेटी यांना वेगळं करतो. अडकण मात्र पेटीच्या आत असते आणि तिचा दुसरा हात प्रोपेलर शाफ्टमार्गे थेट मागच्या चाकांना धरून असतो. गिअर न्यूट्रलला काढायला जाल, तर दाबाखाली तो निघत नाही. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर मागे कंटेनर असताना हे झालं तर काय होईल, ते तुम्हीच ठरवा.

प्रामाणिकपणे हेही सांगतो, की वेगळ्याच कामासाठी खोललेल्या पेट्यांमध्ये मला तळाशी जुनी नट, एकदा तर अर्धा तुटलेला पिन सापडला आहे. कडा गुळगुळीत झालेल्या, वर्षानुवर्षं आत पडून असलेल्या. मालकाला पत्ताही नव्हता. म्हणजे पहिला मेकॅनिक खोटं बोलत नाही, त्याने असे नमुने पाहिले असतील. पण माझ्या हातावर ते लॉकही ठेवलं गेलं आहे. दोन्ही पाहिलेल्या माणसाला 'चालवा' म्हणणं जमत नाही.

मग करायचं काय? बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर आहेत. तुमच्या लिव्हरखालची जागा नेमकी कशी आहे, बोल्ट केवढा, तो कुठे अडकलाय. तरी कामाचा क्रम मी नेहमी असाच ठेवतो.

पहिली गोष्ट, बोल्ट खरंच आत गेलाय का? हसू नका. 'आत पडलं' म्हणून आलेल्या गाड्यांपैकी कितीतरींमध्ये ती वस्तू मला पेटीच्या बाहेर सापडली आहे. पेटीच्या वरच्या ओतकामाला खोबण्या असतात, त्यात चिखल आणि तेल साचून गादी तयार होते, बोल्ट तिच्यावर आवाज न करता पडतो. पेटी ज्या आडव्या बीमवर टेकलेली असते, तिच्या कोनाड्यात जातो. कार्पेटखाली जातो. एकदा एका काकांच्या पँटच्या दुमडलेल्या पायात निघाला होता, दोन दिवस शोधून झाल्यावर. मोबाइलचा टॉर्च घेऊन वरून, मग खालून, दोन्हीकडून पाहा. पडला तेव्हा आवाज कसा आला, तेही आठवा. 'टण्' करून दोन-तीनदा वाजला असेल तर वरच्या फोर्क आणि रेल (गिअर सरकवणारे काटे आणि त्यांच्या दांड्या) यांच्यावर आपटत गेलाय. 'डुब्' आवाज आला असेल तर थेट तेलात.

दुसरी गोष्ट, आणि तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त खटकली ती हीच : तुम्ही बोल्ट म्हणालात. त्याच्यासोबतच्या स्प्रिंग वायसरचं (वॉशरचं) काही बोलला नाहीत. अशा ठिकाणच्या बोल्टला बहुधा वायसर असतोच. तो बोल्टला चिकटून आत गेला, बोल्टवरून सुटून वेगळा गेला, की झाकणावरच राहिला? बाकीचे बोल्ट काढून समोर ठेवा. त्यांना वायसर आहेत का, किती आहेत ते मोजा. जुन्या बूशचे तुकडे फेकले नसतील तर तेही कागदावर मांडा आणि पूर्ण गोल जुळतोय का बघा. आत एक वस्तू आहे की तीन, हे माहीत नसताना शोधायला लागलात, तर एक मिळाली की तुम्ही आनंदाने झाकण लावून मोकळे व्हाल.

बूशचा तुकडा आत राहिला असेल तर माझं मत वेगळं आहे, तेही सांगून ठेवतो. नायलॉनचा नखाएवढा तुकडा दात्यांमध्ये आला तर चिरडतो, पेटी फोडत नाही. मिळाला तर काढावा. पण तेवढ्यासाठी मी गिऱ्हाइकाची पेटी उतरवणार नाही. तेल दोनदा बदलून घेईन. लोखंडाला मात्र ही सूट नाही, मग तो वायसर का असेना.

आता मासेमारी. तुमचं मॅग्नेट तासभर फिरवूनही काही लागलं नाही, याचं कारण बहुधा मॅग्नेट कमकुवत आहे हे नसावं. उलट ते प्रत्येक गोष्टीला चिकटतंय. आत रेल लोखंडाची, फोर्क लोखंडाचे, गिअर तर आहेतच. दांडी आत घातली की पहिल्याच रेलला चिकटते आणि आपल्याला वाटतं काहीतरी लागलं. यावर सोपा उपाय आहे. मॅग्नेटच्या टोकाच्या बाजूंवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा किंवा जाड प्लास्टिकची नळी चढवा आणि फक्त पुढचं तोंड उघडं ठेवा. मग बाजूने चिकटत नाही, समोरच्यालाच धरतं. दांडी नुसती सरळ असू नये, वाकवून वळण देता येईल अशी घ्या. मॅग्नेटला दोऱ्याने बांधूनही ठेवा. मॅग्नेटच आत टाकून आलेले लोक मी पाहिले आहेत.

त्याच्या आधी, किंवा निदान सोबत, एक कॅमेरा घ्या. मोबाइलला लावायचा बारीक एंडोस्कोप मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो, आणि मॅग्नेट, चिमटा असला माल नागदेवीला. कॅमेऱ्याने आंधळेपणा संपतो. तेलात मात्र काही दिसत नाही, म्हणून आधी तेल काढा. गाडी चालू न करता काढायचंय, म्हणजे थंड तेल, ८०डब्ल्यू-९० सारखं जाड, ते मधासारखं उतरेल. रात्रभर टपकू द्या. तेल काढताना खाली स्वच्छ ट्रे ठेवा आणि धार चहाच्या गाळणीतून जाऊ द्या, घरात परत न नेण्याच्या बोलीवर. सोबत वायसर बाहेर आला तर तिथेच कळेल. निघालेलं तेल पुन्हा वापरू नका आणि गटारात तर अजिबात ओतू नका, कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या.

ड्रेनच्या भोकाचाही उपयोग होतो. आठ मिलिमीटरच्या बोल्टचं डोकं तेरा नंबरच्या पान्याचं असेल तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ते पंधरा मिलिमीटर भरतं. तुमच्या ड्रेन प्लगचं भोक मोजून बघा. ते त्याहून मोठं असेल तर बोल्ट उभा होऊन बाहेर येऊ शकतो. सायकलच्या स्पोकला टोकाशी छोटा आकडा करून खालून चाचपायचं, वरून दुसऱ्याने कॅमेरा धरायचा. मला या पद्धतीने बोल्टपेक्षा वायसर जास्त वेळा मिळाले आहेत, कारण त्यात आकडा अडकतो.

बोल्ट कोपऱ्यात असेल, तर पेटीच्या आत धडपडण्यापेक्षा गाडीच तिरकी करा. मागून उचलली की बोल्ट पुढे घसरतो, पुढून उचलली की मागे. पुष्कळ गाड्यांमध्ये लिव्हरची जागा पेटीच्या मागच्या शेपटासारख्या भागावर असते. तुमचा बोल्ट तिथेच पडून राहिला असेल तर तो अजून मुख्य गिअरांपर्यंत पोचलेलाही नसेल, हे तुमचं नशीब. तसं कॅमेऱ्यात दिसलं, तर गाडी पुढच्या बाजूला झुकेल असं काहीही करू नका. गाडी उचलाल तेव्हा जॅकवर विसंबून खाली शिरू नका. चासीखाली घोड्या (गाडी पेलणारे लोखंडी स्टँड) लावा, सपाट जागा बघा, चाकांना दगड नव्हे, लाकडाची पाचर लावा. सोसायटीच्या उताराच्या रॅम्पवर हे काम करू नका, सेक्रेटरी परवानगी देवोत वा न देवोत.

हवेच्या पाइपने आत फुंकर मारू नका. वस्तू बाहेर येत नाही, बेअरिंगमध्ये जाते. पितळ किंवा ॲल्युमिनियमचं काही पडलं असेल तर मॅग्नेटला ते दिसणारच नाही. तिथे वाकणाऱ्या दांडीचा, पुढे बोटं असलेला चिमटा लागतो, आणि वस्तू हलकी असेल तर काडीच्या टोकाला ग्रीसचा गोळा.

शाफ्ट हाताने फिरवायचा मोह होईल. फिरवता येतो, पण दोन अटींवर. बोल्ट कुठे आहे ते कॅमेऱ्यात दिसलेलं हवं, आणि फिरवल्याने तो दात्यांपासून दूर जाणार आहे हे कळत असायला हवं. मागचं एकच चाक उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या. दोन्ही उचलाल तर एक चाक पुढे फिरवलं की दुसरं मागे फिरतं आणि प्रोपेलर जागेवरच राहतो. न्यूट्रलमध्ये चाक फिरवून काउंटर शाफ्ट फिरत नाही. लिव्हर तात्पुरता बसवून गिअर टाकावा लागतो आणि आत बसलेल्या माणसाने क्लच दाबून धरावा लागतो. अशा वेळी हँडब्रेक सोडलेला असतो आणि दाबलेल्या क्लचमुळे गिअरही गाडी धरत नाही. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी पाचर ठोकल्याशिवाय हात लावू नका. फिरवताना जरासं जड लागलं, की थांबायचं आणि तेवढंच उलटं यायचं. जोर लावायचा नाही. हे वाचून मनात शंका आली असेल तर हा भाग सोडून द्या, मेकॅनिकला करू द्या.

हे सगळं करायला एक दिवस द्या, फार तर दोन. त्यात मिळाला नाही तर पेटी उतरवावी लागते, आणि इथे तुमच्या दुसऱ्या मेकॅनिकशी माझा वाद आहे. पेटी उतरवणं आणि पेटी ओव्हरहॉल करणं ही दोन वेगळी कामं आहेत. बोलेरोची पेटी दोन माणसं एका दिवसात उतरवून चढवतात. प्रोपेलर, स्टार्टर, क्लचची जोडणी, मागची आडवी बीम, मग पेटी जॅकवर घेऊन मागे ओढायची. खाली आली की लगेच पाने चालवायचे नाहीत. तेल पूर्ण निथळलंय ना, मग दोघांनी धरून ती उलटी करायची, लिव्हरचं भोक जमिनीकडे, आणि इकडून तिकडे हळूहळू झुलवायची. माझ्याकडे अशा पेट्यांपैकी बऱ्याच न खोलताच मोकळ्या झाल्या आहेत. बोल्ट ठक् करून फरशीवर पडतो आणि सगळे हसायला लागतात. तसा पडला नाही तर आधी मागचं शेपूट तेवढं खोलायचं, आणि शेवटी मुख्य पेटी. बेअरिंग, सिंक्रो (गिअर अलगद गुंतवणाऱ्या पितळी कड्या) बदलायचं कारण तेव्हाच, जेव्हा ते खराब दिसतात. तुमची गाडी बोल्ट पडल्यापासून फिरलेलीच नाही, मग ते या बोल्टने कसे खराब होतील? मेकॅनिकशी बोलताना 'उतरवा, उलटी करा, मग मला बोलवा' एवढंच ठरवून घ्या. हो, पेटी खाली आलीच आहे तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि पुढचं ऑइल सील बघून घ्यायला हरकत नाही. त्या मजुरीत तेवढं पाहणं बसतं, नंतर पुन्हा उतरवायची वेळ नको.

गाडी गॅरेजला न्यायची कशी? दोरी बांधून ओढत नाही. न्यूट्रलमध्ये मागची चाकं फिरली की प्रोपेलर फिरतो आणि पेटीतला मुख्य शाफ्टही फिरतो, नेमका तुमचा बोल्ट पडलाय त्या भागातला. पूर्ण गाडी वर चढवणारी फ्लॅटबेड बोलवा, किंवा निघण्याआधी प्रोपेलर काढून बाजूला बांधून ठेवा.

दरम्यान, ते भोक उघडं आहे का? पाऊस सुरू आहे म्हणालात म्हणून विचारतो. आत स्वच्छ कापडाचा बोळा कोंबू नका, तोही आत जातो. वरून प्लास्टिक घालून दोऱ्याने आवळा. मुंबईत गिअरबॉक्समध्ये जाणारी सगळ्यात नेहमीची परकी वस्तू म्हणजे पाणी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतरचे कित्येक आठवडे आम्ही ड्रेन प्लग काढला की दुधाळ चहासारखं काहीतरी बाहेर यायचं. पेटीला हवा जायला वर एक बारीक श्वासनळी असते. गरम पेटी थंड पाण्यात बुडली की आतली हवा आकसते आणि नळीतून पाणी ओढलं जातं. तुमच्या तेलाचा रंग तसा असेल, तर बोल्ट मिळाल्यावरही नवं तेल घालून थोडं चालवून पुन्हा एकदा बदला.

कोणी वाचत असेल आणि गाडी वेगळी असेल, तर दोन शब्द. स्कूटरच्या मागच्या चाकाजवळच्या गिअरमध्ये तेल जेमतेम शंभर-सव्वाशे मिली असतं आणि जागा मुठीएवढी. तिथे कव्हर उघडून पाहणं हेच सोपं, मासेमारीत वेळ घालवू नका. बहुतेक मोटारसायकलींमध्ये इंजिन, क्लच आणि गिअर यांचं तेल एकच असतं, त्यामुळे गिअरकडे पडलेला तुकडा तेलपंपाच्या जाळीपर्यंत जाऊ शकतो. ती जाळीही काढून बघायची. ऑटोमॅटिक गाडीत तेलाच्या नळीतून काही गेलं तर ते पुष्कळदा खालच्या पॅनमध्ये थांबतं आणि पॅन खोलून काढता येतं. पण तिथे बारीक धागासुद्धा व्हॉल्व्हमध्ये अडकतो, म्हणून चिंधी किंवा पुसायचं सुती वेस्ट हातात घेऊन ते काम करायचं नाही. सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक पेटी) असेल तर स्वतः काहीही उघडू नका.

बोल्ट मिळाला की शेजारी तसाच दुसरा ठेवून पाहा. लांबी तेवढीच आहे का, आट्यांचा तुकडा निघालाय का, डोक्यावर ताजा ओरखडा आहे का. ओरखडा असेल तर तो कशाला तरी घासलाय. गाडी फिरवलेली नसताना असं व्हायला नको, आणि झालं असेल तर चार दिवसांत कोणीतरी चावी फिरवली आहे. घरात विचारा.

झाकण लावताना बोल्टला पाना लावायच्या आधी डोक्यावर ग्रीसचा ठिपका द्या आणि पान्याच्या गोटीत चिकटवूनच खाली न्या. भोकावर जाड कागदाचा तुकडा ठेवा, शेवटच्या क्षणी ओढून काढा. नवं तेल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचंच, लेव्हल प्लगमधून ओघळेपर्यंत. पहिल्यांदा चालू कराल तेव्हा गिअर न टाकता, क्लच सोडून, मिनिटभर कान द्या. मग पार्किंगमध्येच पहिला आणि रिव्हर्स. पाचशे किलोमीटरनंतर ड्रेन प्लग काढून त्याचा मॅग्नेट पुसा. करडी पेस्ट दिसली तर नेहमीचंच आहे. पिवळसर चमक असेल तर ती सिंक्रोच्या पितळेची, जुन्या गाडीत तीही थोडी येते. टोचतील असे चकचकीत कण दिसले तर गाडी घेऊन या, किंवा कोणाहीकडे न्या, पण तशीच चालवत राहू नका.

मॅग्नेटला नळी चढवून उद्या सकाळी पुन्हा एकदा शोधा. त्याच्या आधी बाकीच्या बोल्टचे वायसर मोजा आणि किती भरले ते मला सांगा.